चौऱ्याऐंशी कडी आणि रंगनाथ मिस्तरी

आमच्या घरात दोन कोयते होते, एक बाबांचा आणि एक आईचा. दिवाळी झाली की दोन्ही कोयते बैलगाडीत पडायचे आणि घराला कुलूप लागायचं. पाथर्डीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. चार एकर माळरान, त्यात बाबांनी बारा वर्षं हातानं खणलेली विहीर आणि त्या विहिरीत नुसता काळा पाषाण. पाणी कधी लागलंच नाही. म्हणून आई-बाबा ऊस तोडायला श्रीगोंद्याकडं जायचे आणि मी चुलत्याच्या घरी राहून शाळा शिकायचो. बहात्तर साली तर ऊससुद्धा वाळला. कोयते खुंटीलाच राहिले आणि आई-बाबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. सात मैल जायचं, सात मैल यायचं. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की कडक व्हायची. आई म्हणायची, "दिसभर दगूड फोडायचा आन् सांच्याला दगूडच खायचा."

त्याच साली मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस. हे मी आजही मान वर करून सांगतो, त्यात लाजायचं काय? पण शिकलेल्या माणसाला काय काय येत नसतं, हे ज्यानं मला दाखवलं तो चौथी नापास होता. त्याचं नाव रंगनाथ मिस्तरी.

नगरला पाण्याच्या कामाच्या एका सरकारी कचेरीत मला हंगामी सहायकाची जागा मिळाली होती. कचेरीची मॉडेलची खोली सावेडीच्या रस्त्याला, एका जुन्या तबेल्यात होती. तेव्हा तिकडं सगळी शेतंच होती. धरण, कालवा, बंधारा असं काही बांधायचं असलं की आधी त्याची लहान प्रतिकृती या तबेल्यात व्हायची. करणारा माणूस एकच. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी, चष्म्याची एक काडी तुटलेली आणि तिच्या जागी कानाला गुंडाळलेला दोरा. वय पन्नाशीचं. आधी वीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात जीपगाड्यांच्या प्लास्टिकच्या खिडक्या कापण्यात गेलेली. त्यामुळं लाकूड, पत्रा, माती या सगळ्यांत हात चालायचा, पण जीव प्लास्टिकवर.

भिंतीवर हत्यारं टांगलेली असायची आणि त्यांना मिस्तरींनी नात्यातली नावं दिली होती. पत्र्याच्या कातरीला ते 'सासू' म्हणायचे, कारण ती चावल्याशिवाय सोडत नाही. बारीक पात्याच्या नक्षीच्या करवतीला 'मावशी', हळू चालती पण दुखवत नाही म्हणून. एकच हत्यार बिननावाचं होतं. त्यांनी स्वतः बनवलेली कर्कट. लाकडी मूठ, खाली मध्यावर रुतणारी खिळ्यासारखी पिन, आडवा दांडा आणि दांड्यावर मागंपुढं सरकणारं पातं. तुटलेल्या हॅकसॉ ब्लेडला सहाणेवर घासून घासून त्याला वाघनखासारखा बाक आणलेला. तिच्याबद्दल बोलताना ते नुसतं 'ती' म्हणायचे. "तिला हात लावू नको." "ती आज नाराज हाय."

पहिल्याच दिवशी मला काम मिळालं. पाण्याच्या मीटरचं एक मॉडेल होतं, त्याच्या तोंडावर बसवायला काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची चार इंची गोल चकती कापायची. मी कंपासनं गोल काढला, भिंतीवरची पत्र्याची कातर उचलली आणि दाबली. पापड मोडावा तसा आवाज झाला आणि तुकडा मधोमध फुटला.

मिस्तरी चहा पीत बसले होते. बशी खाली न ठेवता म्हणाले, "मोडलं? बरं झालं. आता तुला ऐकू येईल. काय शिकलाय?"

"बी.एस्सी."

"मंग सांग पदवीधर, कापल्यावर आतलं ठिवायचंय का भायेरचं?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी बशी ठेवली आणि दुसरा तुकडा नखानं वाजवून पाहिला. "चकती पाहिजे आसंल तर आतलं जपायचं, भायेरचं गेलं तरी चालतंय. भोक पाहिजे आसंल तर भायेरचं जपायचं. दोन्हीला एकच हत्यार कसं चालंल? आन् दुसरं. मध्य राहणार का जाणार?"

"कसला मध्य?"

"कर्कट फिरवायची म्हंजे पिन मध्यावर रुतनार. भोक पाडताना मध्य निघून जातो, तिथं पिन रुतली काय, छिद्र पाडलं काय, कोन बघतंय? पन चकतीत मध्य राहतो. उजेड पडला की ती जखम पह्यली दिसती."

मग त्यांनी फुटक्या प्लास्टिकचा बोटाच्या नखाएवढा तुकडा घेतला आणि नव्या प्लास्टिकवर ओरखडे पडू नयेत म्हणून असतो तो कागद न काढता त्यावर मधोमध डिंकानं चिकटवला. कर्कटीची पिन त्या तुकड्यात रुतवली. दाब न देता, नुसत्या हाताच्या वजनानं पातं फिरवलं. एकदा, दोनदा, वीसदा. बारीक पांढरे केस निघत होते. अर्धी जाडी कापून झाल्यावर पालथं घालून मागून तसंच. शेवटी चकती आपोआप हातात आली. डिंकाचा तुकडा आणि कागद काढला तर आत काहीच नाही, पाण्याच्या थेंबासारखी स्वच्छ. "मोडून शिकलास ते ध्यानात ऱ्हातंय," एवढं म्हणून त्यांनी गार झालेला चहा तोंडाला लावला.

ते सकाळी सहाला येत आणि अकरा वाजता प्लास्टिकला हात लावायचं बंद करत. "दुपारचं प्लास्टिक आळसावतं. पात्याला चिकटतं." साहेबांना हे पटायचं नाही. आमचे साहेब तसे चांगले, पण घाईचे. पुण्याला गेले असताना त्यांनी एक नवंकोरं हत्यार आणलं. डबीसारखं गोल, काठाला करवतीचे दात, ड्रिल मशीनला लावलं की एका दमात भोक. साहेबांनी स्वतः चालवून दाखवलं. जळका वास सुटला आणि भोक पडलं खरं, पण त्याचा काठ वितळून दुधासारखा पांढरा झाला.

"काय मिस्तरी? तुमचा अर्धा तास, माझं अर्धं मिनिट!"

मिस्तरींनी काठावरून बोट फिरवलं. "हत्यार झ्याक हाय साहेब. लाकडाला याच्यासारखं दुसरं न्हाई. पन ह्याला भोक कळतं, काठ कळत न्हाई. आपल्याला काठातून पलीकडचं दिसायला पाहिजे." आणि त्यांनी ते हत्यार भिंतीवरच्या पहिल्या खिळ्याला, सगळ्यांच्या वर, मानानं टांगलं. नंतर लाकडाच्या कामाला वापरलंही. कुठल्या हत्याराला त्यांनी वाईट म्हटलेलं मी ऐकलं नाही. "चुकीच्या कामाला बोलावलं तर पाव्हना तरी काय करील?"

त्यांच्या घरी एकदा जेवायला गेलो होतो. त्यांच्या मंडळींनी, सखूवहिनींनी, वाढता वाढता सुनावलं, "सरकारचं गोल कापून कापून डोळं गेलं ह्यांचं. घरात एका डब्याला झाकन धड बसत न्हाई. आन् ती कर्कट उशाला घिऊन झोपतेत." मिस्तरी खाली मान घालून आमटी भुरकत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तबेल्यातून डब्याचं झाकण कापून नेलं. वहिनी म्हणे म्हणाल्या, "आता डबा बदला, ह्याच्यापुढं तो वाईट दिसतोय."

आता मुख्य गोष्ट. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याच गावचा कागद कचेरीत आला. गावाच्या वर नाल्यावर पाझर तलाव बांधायचा ठरला होता. मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरवायचं आणि खालच्या विहिरींना द्यायचं. काम दुष्काळी कामातच होणार, म्हणजे आई-बाबांना सात मैलांऐवजी अर्ध्या मैलावर काम. पण गावानं आडवा पाय घातला. खालच्या आळीचे गेनूतात्या पुढारी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "वर आडवलं तर खाली काय येनार, धुरळा?" मोजणीवाल्यांना त्यांनी दोनदा परत पाठवलं. साहेबांनी शेवटचा निरोप धाडला. गुढीपाडव्यानंतरच्या मंगळवारी येतो, मॉडेल दाखवतो. गाव हो म्हणालं तर काम, नाहीतर तलाव दुसऱ्या गावाला जाईल.

मॉडेलचं काम सांगून साहेब निघून गेल्यावर मिस्तरींनी मला विचारलं, "तुझं गाव ना? खाली इहिरी किती?"

"सात."

"ऐतवारी गावाकडं जा. एकेका इहिरीची खोली, माती किती, मुरूम किती, खडक कुठं लागला, सगळं लिहून आन. मला कुठल्या तरी गावचं मॉडेल करायचं न्हाई."

मी गेलो आणि बाबांना घेऊन विहिरी फिरलो. सहा विहिरींना खाली मुरूम आणि फुटका दगड होता. सातवी आमची. कागद वाचून मिस्तरींनी सातव्या विहिरीखाली नखानं रेघ ओढली.

त्यांनी ठरवलं ते असं. काचेची लांब पेटी. आत उतारावर काळी माती, मुरूम, फुटका दगड आणि तळाला काळा पाषाण. वरच्या टोकाला तलाव. खाली सात विहिरी, आणि त्या अशा की आतलं पाणी चढताना बाहेरून दिसावं. अख्खी नळी बसवली तर पाणी पाझरणार कुठून? म्हणून प्लास्टिकची गोल कडी कापायची आणि विहिरीच्या बांधकामासारखी एकावर एक रचायची, मध्ये आगकाडीचे बारीक तुकडे ठेवून. एका विहिरीला बारा कडी. सात विहिरींना चौऱ्याऐंशी. बाहेरून तीन इंच, आतून दोन. आतला काठ, बाहेरचा काठ, दोन्ही नितळ. म्हणजे सासू बाद, पुण्याचा पाहुणा बाद, आणि मावशीनं कापत बसलो तर पाडवा पुढच्या सालचा. राहिली ती.

"कड्यात मध्य जानार," मिस्तरी म्हणाले, "म्हंजे पिनीला खुशाल छिद्र पाडू. काम झपाट्यानं हुईल."

दोन सुताची, म्हणजे पाव इंच जाडीची, एकच शीट होती. चार फूट बाय दोन फूट. नीट आखली तर अठ्ठ्याण्णव कडी बसत होती, म्हणजे चुकायला जागा चौदाच कड्यांची. दुसरी शीट मुंबईहून यायला महिना लागला असता.

आणि आखणी झाली त्याच दिवशी मिस्तरींना ताप भरला. पाडव्याला आठ दिवस उरले होते. मला वाटलं, पदवीधर आपण, हात बांधून काय बसायचं? 'ती'ला मी पहिल्यांदा खुंटीवरून काढलं. डोकं लावलं. शीट मोठी आहे तोवर पकडायला सोपी, म्हणून आधी आतलं दोन इंचाचं भोक कापून घेऊ, मग बाहेरचा तीन इंचाचा गोल. दोन सकाळी राबलो. काठ इतके सुंदर आले की मीच माझ्यावर खूश. अठ्ठावीस भोकं झाली, तेव्हा म्हटलं आता बाहेरचे गोल घेऊ. कर्कट उचलली, पिन टेकवायला गेलो आणि पिन सरळ टेबलात.

मध्य गेला होता. अठ्ठावीस ठिकाणी मध्यच नव्हता.

अठ्ठावीस कडी गेली म्हणजे मॉडेल गेलं, मॉडेल गेलं म्हणजे तलाव गेला. डोळ्यापुढं आईचे हात आले. सरळ मिस्तरींच्या घरी गेलो आणि दारातच सगळं सांगून टाकलं. ते घोंगडी पांघरून बसले होते. वाटलं, आता शिव्या पडतील. सखूवहिनी तर म्हणाल्याच, "आता गं बया! ही सवत रुसली वाटतं."

मिस्तरींनी एवढंच विचारलं, "आतल्या चकत्या कुठं हायेत?"

"टेबलाखाली. कचऱ्यात."

"झाडलं का?"

"नाही."

"मंग मध्य कुठं गेलाय? खाली पडलाय. चल उचलू."

तापातच आले. तबेल्यात फतकल मारून बसले आणि अठ्ठावीस चकत्या आम्ही टेबलाखालच्या कचऱ्यातून निवडल्या. प्रत्येक चकतीला पिनीचं छिद्र होतंच. चकती परत तिच्या भोकात ठेवायची. पात्यानं खाल्ल्यामुळं भोवती फट राहायची, ती पोस्टकार्डाची पट्टी कापून गुंडाळून भरायची. हलली नाही पाहिजे. मागून कागद डिंकानं डकवायचा. की मध्य जिथल्या तिथं. पण हातानं कापलेल्या चकत्या, प्रत्येकीचं भोक वेगळं. एकीचं दुसरीला बसेना. मिस्तरी एकेक चकती बोटात फिरवून म्हणायचे, "ही तिसऱ्या ओळीतली. तवा तुझा हात थकला हुता, बघ कशी लंबुळकी झालीय." आणि ती तिसऱ्या ओळीतच बसायची. माझा हात कधी थकला होता ते त्यांना काठावरून कळत होतं.

चकत्या बसल्यावर त्यांनी माझ्या हातात कर्कट दिली. स्वतः नाही फिरवली. "आता भायेरचा. आन् पुढच्या कड्यांना आधी भायेरचा गोल, शेवटची कागदाएवढी जाडी न कापता ठिवून. मंग आतला. मंग बोटानं मोडून सोडव." अठ्ठावीसपैकी तीनच कडी वाया गेली. शनिवारी चौऱ्याऐंशी पूर्ण झाली.

विहिरी बसवताना सातवीपाशी ते थांबले. "पदवीधर, ही तुझ्या बापाची. कागदात खडक लिवलाय. मी ही खडकात बसवनार. हिला पानी चढनार न्हाई."

साहेब तिथंच होते. ते म्हणाले, "मिस्तरी, गावाला पटवायचंय. सातही भरलेल्या दिसू द्या की. थोडा मुरूम टाका तिथं."

"साहेब, मुरूम न्हाई तिथं."

"कोण खणून बघणार आहे?"

"ज्यानं बारा वरसं खनली तो बघायला बसनार हाय समोर."

साहेब माझ्याकडं पाहायला लागले. मी म्हटलं, "खडकातच बसवा." माझ्या बाजूनं त्या गोष्टीत एवढंच बोलणं झालं.

मंगळवारी सकाळी पेटी गोधड्यांत गुंडाळून जीपमधून गावात नेली. चावडीपुढं सगळं गाव. बाया एका कडेला, आई त्यांत. गेनूतात्या पुढंच उकिडवे बसलेले. साहेबांनी भाषण केलं, ते कुणी ऐकलं नाही. सगळ्यांचे डोळे पेटीवर. मिस्तरींनी निळीचं पाणी कालवलेली बादली गेनूतात्यांपुढं ठेवली. "तात्या, पाऊस तुमीच पाडा."

"मीच कशाला?"

"मी पाडला तर म्हनाल, मिस्तरीनं हातचलाखी केली."

लोक हसले. तात्यांनी तांब्या तांब्या पाणी तलावात ओतलं. आणि मग काहीच होईना. पाणी मातीत जिरताना दिसत होतं, विहिरी कोरड्या. पंधरा मिनिटं गेली. बिड्या पेटल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "ह्याच्यापेक्षा खरा पाऊस लवकर यील." साहेब घड्याळ बघायला लागले. मिस्तरी मात्र बाजूला बसून चष्म्याचा दोरा गुंडाळत होते.

मग पहिल्या विहिरीच्या तळाला निळी रेघ दिसली. कड्याकड्यानं वर चढायला लागली. मग दुसरी. तिसरी. पोरंठोरं मोजायला लागली. गेनूतात्यांची विहीर चौथी. तिच्यात पाणी चढलं तसे ते गुडघ्यावर आले आणि नाक काचेला लावलं. पाचवी, सहावी. सातवी कोरडी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कोरडीच.

"ही का भरंना?" तात्यांनी विचारलं. "बिघडली?"

बाबा उठले. चार लोकांत कधी तोंड न उघडणारा माणूस. पेटीजवळ आले, सातव्या विहिरीच्या तळाशी बोट लावलं आणि म्हणाले, "ही माझी हाय. भरत न्हाई ती. खाली काळा पाषान हाय, ह्या पेटीला बी ठावं हाय."

गेनूतात्या त्या कोरड्या विहिरीकडं बघत राहिले. मग मिस्तरींना म्हणाले, "खोटं दाखवायचं आसतं तर हिला बी भरली आसती तुमी."

"सोपं हुतं," मिस्तरी म्हणाले.

"मंग माझी भरली ते बी खरंच म्हनायचं." तात्या उठले, धोतर झटकलं आणि बाबांकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "लेका, तुझी न्हाई भरली तर माझ्यातलं पानी घे. बांधाला बांध हाय आपला. लावा रं आंगठं!"

मी आईकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

पाऊस पडायच्या आत बांध झाला. आई-बाबा त्याच बांधावर मातीच्या पाट्या वाहत होते.

पुढच्या माघात मी रजेवर घरी असताना मिस्तरी एस.टी.नं गावाला आले. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "बघायचं हुतं." घराला कुलूप नव्हतं. आईनं त्यांना चहा केला, त्यांनी तो बशीत गार होईस्तोवर ठेवला. मग गेनूतात्यांच्या विहिरीवर गेलो. मिस्तरी काठावर वाकले, चष्म्याचा दोरा एका हातानं धरून. अर्ध्या विहिरीवर पाणी होतं. त्यांनी खडा टाकला आणि लाटा काठापर्यंत गेलेल्या बघितल्या. बराच वेळ बघितल्या. माझी अपेक्षा होती की काहीतरी मोठं बोलतील.

"इहीर गोल न्हाई," ते म्हणाले. "वरल्या अंगाला वीतभर फुगलीय. कुनी आखली?"

"माझ्या बानं," तात्या म्हणाले.

"मध्याला खुंटी ठोकली नसंल."

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. मिस्तरी मात्र गंभीरच होते. पाचच्या एस.टी.ला त्यांना बसवलं, तेव्हाही खिडकीतून हातानं हवेत गोल काढून मला दाखवत होते, विहीर कुठून सरळ करता येईल ते. गाडी वळेपर्यंत तो हात फिरताना दिसत होता.

त्या उन्हाळ्यात, ऐन वैशाखात, खालच्या सहा विहिरींपैकी चारांना पाणी होतं. आमची कोरडीच होती, पण तात्यांच्या पाण्यावर आमच्या एका एकरात गहू झाला होता. त्या साली आई-बाबा ऊसतोडीला गेले नाहीत. पुढंही कधी गेले नाहीत.